लावणी, लेप्टो आणि फळीवरच्या गोळ्या

वरच्या दोन कुणग्यांची लावणी आज उरकली. चिखल चांगला मऊ झालाय. पण आज भाताबद्दल नाही लिहीत.

आमच्या सिंधुदुर्गात लावणीच्या दिवसांत आशाताई घरोघर येऊन लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात. आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन, जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर. चार वर्षांमागे मी "घेतो हो" म्हटलं आणि गोळ्या फळीवर ठेवल्या. आजारी नसताना औषध कशाला, हा माझा हिशोब. आमचे बाबा जन्मभर अनवाणी चिखलात राबले, त्यांना काय झालं, असंही ताईंना ऐकवलं. धाकट्या भावालाही मीच सांगितलं, पोट बिघडेल, नको घेऊ.

त्याच्या टाचांना भेगा होत्या. लावणी संपून आठ-दहा दिवसांनी ताप भरला. आम्हाला वाटलं, भिजल्याचा असेल. पोटऱ्यांना हात लावू देईना, डोळे लाल. तीन दिवस तापाच्या गोळीवर काढले. चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसले, लघवी कमी झाली, तेव्हा गाडी केली. मूत्रपिंडावर आलं होतं. तीनदा डायलिसिस. सतरा दिवसांनी घरी आला. भावजय मला एका शब्दानं बोलली नाही, तेच जास्त लागलं.

डॉक्टरांनी विचारलं, शेतात उंदीर किती? म्हटलं, उंदीर नाही असं शेत कोकणात दाखवा. उंदराच्या लघवीतून जंतू पाण्यात येतो, गुरांच्या, कुत्र्यांच्याही, आणि भेगेतून, कापलेल्या जागेतून, डोळ्यातोंडातून आत शिरतो. घरी येऊन मेरेवरची बिळं मोजली. चार गुंठ्यांच्या कुणग्याला अकरा! रुंद मेर म्हणजे उंदरांना बंगलाच. आता मेर तासून अरुंद ठेवतो. पावसाआधी सगळी वाडी एकाच दिवशी आमिष ठेवते, कारण एकट्यानं मारले तर शेजारचे येतात. पहिले दोन-तीन दिवस नुसती तेल लावलेली भरड, मग झिंक फॉस्फाईडची. उंदीर एकदम विषाला तोंड लावत नाही.

कृषी खात्यातल्या मंडळींना एक विचारतो. गमबूट घाला म्हणता, पण पोटरीभर चिखलात पाय वर येतो नि बूट खालीच राहतो. मेर तासताना ठीक आहे. लावणीला मी जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावतो आणि वर आल्यावर साबणानं पाय धुतो. याहून बरं काही असेल तर सांगा.

आणि गोळी घेतली म्हणून ताप अंगावर काढू नका. आला की त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा, शेतात उतरलो होतो हे सांगा.

आमच्याकडे बुधवार गोळीचा वार. गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत, म्हणून पुतणसून यंदा चिखलात नाही, जेवणाचं तिच्याकडे. बाकीच्यांना पंगतीतच वाटतो. भाऊ माझ्याकडे बघत गिळतो.

उद्या खालचा कुणगा.