आठवीत शाळा सुटलेला शेतकऱ्याचा मुलगा

शेतकरी गरीब का, असे विचारले की शहाण्या माणसांची दोन उत्तरे ठरलेली असतात. तो आळशी आहे, नाहीतर अडाणी आहे. आम्हा शेतात राबणाऱ्यांना हे कधीच पटले नाही. पण आमचे ऐकतो कोण! थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने मात्र आमची बाजू पुराव्यानिशी मांडली.

शुल्ट्झ हे शेतकऱ्याचेच पोर. १९०२ साली साउथ डाकोटा राज्यात जन्मले. आठवी झाली आणि वडिलांनी शाळा बंद केली. मुलगा जास्त शिकला तर शेतावर टिकायचा नाही, ही त्यांची धास्ती. पुढे हिवाळ्यात चार महिने भरणाऱ्या शेतीच्या वर्गांना ते जाऊ लागले. तिथून विद्यापीठ गाठले आणि १९७९ साली आर्थर लुईस यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवले.

१९६४ साली निघालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी ग्वाटेमालातील पनाहाचेल आणि आपल्या उत्तर प्रदेशातील सेनापूर या गावांचे दाखले दिले. हाती असलेली जमीन, बैल आणि पाणी यांचा मेळ तिथला शेतकरी चोख घालतो. त्यातून आणखी काढण्यासारखे फारसे उरत नाही. मग उत्पन्न वाढावे कशाने? नव्या बियाण्याने, नव्या अवजाराने, आणि ते समजून वापरणाऱ्या माणसाच्या शिक्षणाने, असे त्यांचे म्हणणे.

गेल्या वर्षी आमच्या घरीही थोरलीला आठवीनंतर घरी ठेवायची गोष्ट निघाली. "कापूस वेचायला हात लागतात," असे आमचे हे म्हणाले. ते खोटे नव्हते. मजूर वेळेवर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. पण फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचे बारीक अक्षर घरात वाचते ती थोरलीच. एका पंपाला औषध किती घालायचे, तांबडा त्रिकोण असेल तर किती जपायचे, हे तिनेच आम्हाला सांगितले. मी म्हटले, वेचणीला मी जास्त वाकेन, पण पोर शाळेत जाईल. आता ती नववीत आहे.

बायांनो, शिक्षणाने पाऊस पडत नाही, की कापसाला भाव येत नाही. पण नवी गोष्ट दारात आली की ती घ्यावी की टाळावी, हे शिकलेल्या माणसाला लवकर उमगते. सुगीत पोर दोन दिवस घरी राहिले तर राहू द्या. पटावरचे त्याचे नाव मात्र कमी होऊ देऊ नका.