पेटीतले भूत

दहा-बारा वर्षांपूर्वीची ती पावसाळी रात्र. वीज गेलेली, मेणबत्तीभोवती घरची मुले जमलेली, आणि भुताच्या गोष्टीसाठी त्यांचा हट्ट चाललेला. आम्ही नुकतीच वाचलेली एका झपाटलेल्या पेटीची हकिकत त्यांना सांगितली आणि रंग चढावा म्हणून ‘ही अगदी खरी घडलेली’ असे बजावलेही! धाकट्या भाचीने आजीचा लाकडी पेटारा खोलीबाहेर काढायला लावला, तेव्हा कुठे तिचा डोळा लागला.

हकिकत अशी : २००३ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथील केव्हिन मॅनिस याने मद्याच्या बाटल्या ठेवण्याचे एक जुने छोटे कपाट इंटरनेटवरील लिलावात विकायला काढले. नाझींच्या छळातून वाचलेल्या, १०३ वर्षे जगलेल्या एका ज्यू वृद्धेचे ते असून त्यात ‘दिब्बुक’ नावाचे पिशाच आहे, असे त्याने लिहिले. आत म्हणे केसांच्या बटा, जुनी नाणी व वाळलेली गुलाबकळी होती. कपाट या हातातून त्या हातात गेले, मालकांच्या दुखण्यांच्या कथा पसरल्या. २०१२ मध्ये त्यावरून हॉलिवूडचा चित्रपट निघाला, आणि पुढे ते लास व्हेगासच्या एका संग्रहालयात जाऊन बसले. २०२१ मध्ये मात्र मॅनिसने स्वतःच कबूल केले, की सारी कथा आपण रचली होती.

हे वाचून आम्ही खजील झालो आणि खरा दिब्बुक शोधू लागलो. तेव्हा कळले, की ज्यू लोककथांतील दिब्बुक पेटीत राहतच नाही. हिब्रू भाषेतील ‘चिकटणे’ या धातूवरून त्याचे नाव आले. तो मृताचा अशांत आत्मा. पापामुळे वा अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीमुळे वाट न सापडून तो जिवंत माणसाला बिलगतो. सोळाव्या शतकात गालीलातील सफेद नगरीत इसहाक लुरिया आणि त्यांचे शिष्य यांच्यामुळे या कल्पनेला बळ आले. दिब्बुक काढताना दहा पुरुष जमत, ९१ वे स्तोत्र म्हटले जाई, शिंग फुंकले जाई. धर्मगुरू त्याला आधी विचारीत, ‘तू कोण? तुला काय हवे?’ आणि त्याच्यासाठी प्रार्थनेचे वचन देत. मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या आपणांस हे परके वाटू नये.

आन्स्की या लेखकाने १९१२ ते १९१४ या काळात, आज युक्रेनमध्ये असलेल्या गावोगावी हिंडून ज्यूंच्या श्रद्धा आणि कथा गोळा केल्या आणि ‘दिब्बुक’ हे नाटक लिहिले. त्यात दोन मित्र आपल्या मुलांचे लग्न ठरवतात. एक मरतो, दुसरा श्रीमंत जावयाच्या लोभाने शब्द मोडतो. निराश तरुण मरून वधूच्या देही शिरतो. धर्मगुरू न्यायसभा भरवतात, मृत पित्यालाही बोलावतात, आणि शब्द मोडणाऱ्याला शिक्षा देतात : अर्धी संपत्ती गरिबांना दे आणि त्या दोघा मृतांसाठी दरवर्षी प्रार्थना म्हण. १९२० साली वॉर्सात हे नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा आन्स्की वारून महिनाच झाला होता. पुढे वीस-पंचवीस वर्षांत नाझींनी ती गावे आणि कथा सांगणारी माणसे नाहीशी केली.

म्हणूनच त्या कपाटाचे असत्य आम्हांला साधे वाटत नाही. मोडलेल्या शब्दाचा जाब मागणारे भूत तेथे बाजारी माल झाले. त्याहून वाईट म्हणजे, मरणाच्या दारातून परतलेल्यांचे दुःख विक्रीसाठी उसने घेतले गेले. आणि त्या असत्याला ‘अगदी खरे’ अशी ग्वाही आम्हीही दिली होती.

परवा भाची सुटीला आली. ती आता कॉलेजात आहे. आम्ही तिला सगळे सांगून टाकले. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मामा, मग त्या म्हातारीने घरात भूत ठेवलेच नव्हते तर! मी उगाच तिला इतकी वर्षे घाबरत होते.”

त्या रात्री आजीचा पेटारा पुन्हा खोलीत आला.