आधी काळा, मग निळा

भुसावळच्या ट्रेनिंगमध्ये इंटरलॉकिंगची व्याख्या मी घडाघडा म्हणून दाखवली होती. रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये पाय ठेवला आणि सगळी विसरले. समोर 24 लिव्हर रांगेत उभे: लाल, काळे, निळे, मधूनच एखादा पांढरा.

"मॅडम, पॅसेंजर लूपवर घ्यायचीय. होम सिग्नल द्या," लिव्हरमन मामा म्हणाले आणि हातात फडकं दिलं. घामानं लोखंड गंजतं, म्हणून फडक्यानं धरायचं. सिग्नल म्हणजे लाल, एवढं ठाऊक होतं. कॅच दाबून ओढला. लिव्हर बोटभर सरकला आणि अडला. पाय रोवून पुन्हा ओढला, खांदा भरून आला. 'बाईमाणसाचं काम नव्हे' हे आता ऐकावं लागणार, असं वाटलं.

मामा हसले. "पैलवान आणलात तरी यायचा नाही. आधी काळा, मग निळा, मग लाल."

काळ्यानं रुळांचा सांधा फिरला, निळ्यानं त्याला कडी घातली. मग लाल सुरळीत आला. लांबवर सिग्नलचा हात पडला. "आता काळा परत टाकून बघा," मामा म्हणाले. तो जागचा हलेना.

दुपारी त्यांनी फ्रेमखालचं झाकण काढलं. प्रत्येक लिव्हरला एक पोलादी पट्टी, पट्टीच्या कडेला खाच. एक पट्टी सरकली की आडवा ठोकळा बाजूला रेटला जातो आणि दुसरीच्या खाचेत जाऊन बसतो. मग ती दुसरी अडकलीच. ना वीज, ना तार. घरच्या कडीकोयंड्याचाच थोरला भाऊ.

रात्री पुस्तक पुन्हा काढलं. पूर्वी सांधा एकीकडे वळलेला आणि सिग्नल दुसरीकडचा, असं घडू शकत होतं. मूळचा सुतार असलेल्या जॉन सॅक्स्बीनं 1856 साली इंग्लंडमध्ये दोन्ही एकदम हलवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. पण 'एकदम' पुरेसं नव्हतं. एक काम पुरतं झाल्याशिवाय दुसरं सुरूच होऊ नये, हा क्रम, म्हणजेच इंटरलॉकिंग, पुढच्या चार-पाच वर्षांत आला. 1889 मध्ये आयर्लंडमधल्या आर्माला उतारावर सुटलेल्या डब्यांनी सुमारे 80 जीव घेतले. दोष ब्रेकचा होता, तरी त्याच वर्षीच्या ब्रिटिश कायद्यानं प्रवासी गाड्यांच्या मार्गांवर ब्रेकच्या जोडीला इंटरलॉकिंगही सक्तीचं केलं.

तिसऱ्या दिवशी काळा ओढला, नेहमीपेक्षा जड गेला. निळा अर्ध्यावरच थांबला. या वेळी मी जोर लावला नाही, हात काढून घेतला. मामांनी वर्तमानपत्रातून मान वर केली आणि पॉइंट्समनला हाक मारली. तो रुळांवरून परत आला तेव्हा त्याच्या मुठीत सांध्याच्या पात्यात अडकलेला खडीचा तुकडा होता, सुपारीएवढा.

"ओढा आता," मामा म्हणाले.