बुडबुडा

माझ्या अकरावीच्या बायोलॉजीच्या जर्नलमध्ये एका पानावर लाल शाईची फुली आहे. फुलीखाली पेन्सिलीने काढलेलं वर्तुळ, कडा जाड आणि काळीभोर, आत लख्ख पांढरं. शेजारी माझ्या अक्षरात ‘सेल’, आणि त्याखाली सरांच्या अक्षरात एकच शब्द: बुडबुडा. तोही मराठीत. ‘एअर बबल’ लिहिलं असतं तर कदाचित इतकं लागलं नसतं.

झालं होतं ते साधंच. कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवायचा, त्यावर आयोडीनचा थेंब, आणि कव्हरस्लिप एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडायची. मी ती पत्त्याचं पान टाकावं तशी टाकली. हवा अडकली. हवेच्या गोळ्याच्या कडेला प्रकाश वळून बाहेर जातो, म्हणून कड काळीकुट्ट दिसते. कांद्याच्या खऱ्या पेशी विटांच्या भिंतीसारख्या मागे फिकट पसरलेल्या होत्या. पण नवख्या डोळ्याला ठसठशीत असेल तेच दिसतं. मी ते अर्धा तास निगुतीने काढलं.

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात. पेशी, केंद्रक, पर्णरंध्र, हरितलवक ही माझी माणसं. जूनमध्ये अकरावीच्या वर्गात बसले आणि सगळ्यांची नावं बदलली. पहिले दोन महिने मी डिक्शनरी घेऊन अभ्यास केला, आणि मायटोकाँड्रिया हा शब्द तर नुसता घोकला. ग्रीकमध्ये मायटॉस म्हणजे धागा आणि काँड्रिऑन म्हणजे कण, हे फार उशिरा वाचलं. म्हणजे तंतुकणिका! जो शब्द मी बाळबोध समजून मागे टाकला होता, तो त्या ग्रीक शब्दाचा शब्दशः अर्थ होता. क्रोमोसोमचंही तेच. क्रोमा म्हणजे रंग. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला रंगसूत्र म्हणत, गुणसूत्र नंतर रूढ झालं. मला जुनंच आवडतं, कारण त्यात प्रयोगशाळेतली खरी गोष्ट आहे. रंग दिल्याशिवाय ते दिसतच नाही.

तो रंग म्हणजे ॲसिटोकारमाइन. कांदा पाण्याच्या ग्लासवर ठेवला की दोनतीन दिवसांत मुळं फुटतात. त्यांची टोकं कापून अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लात मारायची, कारण पेशी आहे त्या क्षणी थांबवायची असते. मग हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करायची, रंगवायची, कव्हरस्लिप ठेवून वर टिपकागद धरून अंगठ्याने दाबायची. कारमाइन निवडुंगावर राहणाऱ्या कोचिनीलच्या किड्यांपासून काढतात. कांद्याच्या पोटातलं दिसायला किड्याचं लाल लागतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. परीक्षेला येत नव्हतं.

परीक्षेला जर्नल येत होतं. बायोलॉजीत लेखी 70, प्रॅक्टिकल 30, आणि जर्नल सर्टिफाय झालं नसेल तर दारातूनच परत. एका बाजूला कोरं पान, एका बाजूला रेघांचं. आकृतीची रेघ एकसलग हवी, शेडिंग नको, नावं उजवीकडे एका ओळीत. त्यामुळे एका ताईचं मागच्या वर्षीचं जर्नल वर्गभर फिरायचं आणि आम्ही सगळे तेच उतरवून काढायचो. सूक्ष्मदर्शक चार, मुलं ऐंशी. माझा नंबर येईपर्यंत बेल व्हायची. बुडबुड्यानंतर मीही शहाणी झाले. नळीला डोळा लावायचा, ‘दिसलं’ म्हणायचं, आणि घरी जाऊन ताईचं पान काढायचं. पुन्हा कधी फुली मिळाली नाही.

रॉबर्ट हूकने 1665मध्ये बुचाच्या पातळ कापात रिकाम्या खोल्या पाहिल्या आणि त्यांना सेल म्हटलं. खरं तर त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या. आतलं सगळं नाहीसं झालेलं. पण त्याला जे दिसलं ते त्याने काढलं, नाव टिकलं. त्याच्या शेजारी माझा बुडबुडा ठेवणं हा आगाऊपणा आहे, मला कळतं.

यंदा बहिणीची मुलगी बारावीला आहे. नीटच्या 720पैकी 360 गुण एकट्या बायोचे, त्यामुळे पुस्तकातली ओळ न् ओळ तिला पाठ. झुरळाच्या हृदयाला तेरा कप्पे, हे ती जेवताना सांगते. कांद्याच्या मुळाचं टोक तिने अजून हातात धरलेलं नाही. दिवाळीत माळा आवरताना तिला माझं जर्नल सापडलं. बुडबुड्याला ती मनसोक्त हसली. मग पानं उलटत मायटोसिसपाशी थांबली. तिथे माझ्या चार सुबक आकृत्या आहेत, वर ‘ऑब्झर्व्हेशन’ असा मथळा आणि खाली ‘कांद्याच्या मुळाचे टोक, हाय पॉवर’ असं इंग्रजीत.

“मावशी,” ती म्हणाली, “कांद्यात सोळा क्रोमोसोम असतात ना?”

“हो.”

“मग तू प्रत्येक पेशीत चारच कशी काढलीस?”

पुस्तकात सोयीसाठी चारच काढलेली असतात. ताईनेही चारच काढली होती. पानाच्या तळाशी सरांची सही आहे, तारखेसकट, आणि बाजूला ‘गुड’.