निळसर झाक

सिलिंडरमधल्या पाण्यावर झायलीनमध्ये विरघळवलेलं कीटकनाशक ओतलं, तर ते वरच तरंगत राहतं. हलवलं की मिसळल्यासारखं दिसतं, थांबलं की पुन्हा वेगळं. त्यातच थोडा इमल्सिफायर असला, तर थेंब पडताच पांढरा लोट आपसूक खाली पसरतो. आम्ही याला ‘ब्लूम’ म्हणतो. इतकी वर्षं ईसी (इमल्सिफायेबल कॉन्सन्ट्रेट) फॉर्म्युलेशन केल्यावरही तो बघायला मी थांबतोच.

इमल्सिफायरमुळे तेल पाण्यात विरघळतं, असं सर्रास म्हटलं जातं. विरघळत काहीच नाही. त्या रेणूचं एक टोक पाण्यात, दुसरं तेलात. तो सीमेवर बसतो आणि तिथला ताण उतरवतो. मग थेंब बारीक फुटायला फारसे कष्ट लागत नाहीत. आत झायलीन झायलीनच असतं, आणि आज ना उद्या वेगळं होणारच. दोघांचा समेट घडवणं आमच्या हाती नाही. फवारणी संपेपर्यंत भांडण लांबवायचं, एवढंच.

दुधासारखं पांढरं दिसलं तर थेंब साधारण एक मायक्रॉनच्या आसपास किंवा मोठे. कडेला निळसर झाक आली की माझा जीव भांड्यात पडतो, थेंब आणखी बारीक झालेले असतात.

खरी परीक्षा पाणी घेतं. चाचणीचं पाणी मुद्दाम 342 पीपीएम कठीण केलेलं असतं, कारण शेतकरी पंपात डिस्टिल्ड वॉटर भरत नाही, बोअरचं भरतो. कॅल्शियम डोडेसिलबेन्झिन सल्फोनेट या इमल्सिफायरला असं पाणी तेलाकडे ढकलतं. दुसरा इमल्सिफायर, एरंडेलाचं इथॉक्सिलेट, कठीणपणाला फारसं बधत नाही, पण उन्हाने तापलं की पाण्यावरची त्याची पकड सुटते. म्हणून दोन्ही एकत्र. प्रमाण कागदावर काढता येतं, पण मी सिलिंडरवरच विश्वास ठेवतो.

1943 मध्ये होर आणि शुलमन यांनी पारदर्शक, न फुटणारी मिश्रणं दाखवली. आज त्यांना मायक्रोइमल्शन म्हणतात. देखणी गोष्ट. पण इमल्सिफायर इतका लागतो की हिशेब बसत नाही.

झायलीनचा वास आणि ज्वलनशीलता नको म्हणून आता ईडब्ल्यू (पाण्यातलं इमल्शन) आलं, ज्यात पाणी बाटलीतच असतं. इथे भांडण तासभर नव्हे, दोन वर्षं लांबवायचं असतं. त्यासाठी नमुना 54 अंशांच्या ओव्हनमध्ये 14 दिवस ठेवतात. कितीतरी चांगली मिश्रणं त्या ओव्हनमध्येच फुटतात.