दहापैकी किती?

न्यूयॉर्कला जाणाऱ्या मराठी माणसाची यादी ठरलेली असते. लिबर्टीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, एम्पायर स्टेटवरून फोटो आणि रविवारी न्यूजर्सीत ओक ट्री रोडवर वडापाव. त्या रविवारात एक गोष्ट आणखी बसवा. कार्ड शो! वडापाव काय, संध्याकाळीही मिळतो.

पेन स्टेशनवरून न्यूजर्सी ट्रान्झिटची नॉर्थईस्ट कॉरिडॉर लाइन पकडायची, साधारण पाऊण तासात मेट्रोपार्क. तिथून मला न्यायला मावसभाऊ आला होता आणि मागच्या सीटवर त्याचा बारा वर्षांचा मुलगा, मांडीवर बुटांचा खोका घट्ट धरून. खोक्यात पोकेमॉन कार्डं. "आत्या, प्लीज, कार्डाला फक्त कडेने धर हं," ही माझी पहिली शिकवणी.

शो होता हायवेलगतच्या एका हॉटेलात. हॉल म्हणजे अगदी आपल्याकडचा लग्नाचा हॉल, फक्त नवरा-नवरीऐवजी टेबलांच्या रांगा. टेबलांवर काचेच्या पेट्या, पेट्यांवर टेबललॅम्प. एका बाजूला बेसबॉल-बास्केटबॉलची कार्डं, दुसऱ्या बाजूला पोकेमॉन. साठीतले आजोबा आणि सहावीतली पोरं एकाच टेबलावर, एकाच आवाजात घासाघीस करताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

आणि सगळीकडे ते प्लास्टिकचे चौकोन. यांना 'स्लॅब' म्हणतात. कार्ड जाड पारदर्शक डबीत असतं आणि डबीच्या कडा अशा जोडलेल्या असतात की फोडल्याशिवाय उघडत नाही. वर लेबल. त्यावर कार्डाचं वर्ष, संच, खेळाडूचं किंवा पोकेमॉनचं नाव, एक सर्टिफिकेट क्रमांक आणि उजव्या कोपऱ्यात खरी भानगड: नंबर. लोक आधी नंबर बघतात, मग कार्ड. मीसुद्धा अर्ध्या तासात तेच करायला लागले.

हा नंबर देणाऱ्या कंपन्यांत सगळ्यात मोठी पीएसए, कॅलिफोर्नियातली, १९९१ मध्ये सुरू झालेली. तुम्ही फी भरून कार्ड पाठवायचं, त्यांचे लोक चार गोष्टी तपासतात: कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सेंटरिंग, म्हणजे चित्र चौकटीच्या मधोमध छापलंय की नाही. १ म्हणजे पुअर, १० म्हणजे जेम मिंट. ९ नंबरच्या कार्डाची पुढची बाजू ६०-४० पर्यंत सरकलेली चालते, १० ला त्याहून कडक. कधी नंबरशेजारी अक्षरं येतात. 'ओसी' म्हणजे छपाई एका बाजूला सरकलेली, 'एमके' म्हणजे कोणीतरी पेन चालवलंय. आणि कार्ड कापलेलं किंवा रंगवलेलं आढळलं, तर नियमाप्रमाणे नंबरच नाही.

बेकेट नावाची दुसरी कंपनी चारही गोष्टींचे वेगळे मार्क छापते. चारही ठिकाणी १० पडले तर लेबल काळं. 'ब्लॅक लेबल' म्हटलं की या हॉलमध्ये माना वळतात, व्हिस्कीशी काही संबंध नाही. सीजीसी या तिसऱ्या कंपनीकडे तर १० दोन प्रकारचे आहेत, जेम मिंट आणि त्याच्या वर प्रिस्टीन. म्हणजे पैकीच्या पैकी मिळवूनही दुसरा नंबर! दादरच्या कुठल्याही क्लासवाल्याला हे ऐकून भरून येईल.

यात अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. समोरासमोरचा व्यवहार असेल तर तुम्ही कार्ड हातात घेऊन बघाल. पण टेक्सासमधलं कार्ड फोटोवरून विकत घेताय, तर ते असली आहे, कोणी कडा कातरून चकाचक केलेलं नाही, हे कोण सांगणार? हॉलमार्क पाहून सोनं घेतो तसंच हे. फरक इतकाच की सोन्याचा कस मशीन मोजतं. इथे शेवटी माणसाचा डोळा आहे, भिंग आहे आणि त्या दिवशीचा मूड आहे. म्हणून तर ९ आलेला स्लॅब फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवणारे लोक आहेत, आणि त्यातल्या काहींना दुसऱ्या फेरीत १० मिळतातही.

भाच्याने खोका उघडला. सगळ्यात वर त्याचा लाडका चारिझार्ड. टेबलामागच्या माणसाने तो दिव्याखाली हळूहळू तिरका केला, उलटा केला आणि मागच्या निळ्या कडेवर करंगळी ठेवली. कोपऱ्यावर पांढरट ठिपका, मोहरीएवढाही नाही. चकाकत्या भागावर एक केसासारखी रेघ. "सात," तो म्हणाला. "नशीब असेल तर आठ." ग्रेडिंगची फी वीस-तीस डॉलरपासून पुढे, वर पोस्टेज. सातच्या कार्डासाठी ते भरू नकोस, असंही त्याने सरळ सांगितलं.

पोराचा चेहरा पडला. रेघ कशाची ते त्याला माहीत होतं. शाळेच्या बसमध्ये तो या कार्डाने खेळायचा. आपण डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं रबरबँड लावून दप्तरात कोंबायचो, त्यांचा इथे काय निकाल लागला असता कोण जाणे! भाऊ त्याला म्हणाला, "अरे, मग खेळायलाच तर असतात ना?" पोराने वडिलांकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच संपला.

पण जुन्या कार्डांना किंमत आली, ती खेळून, सायकलच्या चाकात अडकवून, कचऱ्यात टाकून ती संपली म्हणूनच. टॉप्स कंपनीच्या साय बर्गर यांचा किस्सा तर इथे सगळ्यांना पाठ आहे. १९५२ च्या संचातली न खपलेली कार्डं १९६० मध्ये त्यांनी बोटीत घालून अटलांटिकमध्ये बुडवली. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड, ग्रेड ९.५, ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

आता नंबरवर अगदी डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. होनस वॅग्नर हा पिट्सबर्गचा बेसबॉलपटू. १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटातून निघालेल्या 'टी२०६' संचातलं त्याचं कार्ड म्हणजे या छंदातला कोहिनूर. त्यातलं सर्वांत देखणं कार्ड १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि ब्रूस मॅकनॉल यांनी ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. पीएसएने ग्रेड केलेलं हे पहिलंच कार्ड. नंबर मिळाला ८. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला विकलं गेलं. आणि २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने, ज्याच्या हातून ते कार्ड पूर्वी गेलं होतं, कोर्टात कबूल केलं की त्याच्या कडा आपणच कातरल्या होत्या.

म्हणजे ज्याला नियमाने नंबरच मिळायला नको, तेच नंबर एकचं सर्टिफिकेट! गंमत अशी की २०२२ मध्ये दुसरं एक वॅग्नर, सुरकुतलेलं, ग्रेड फक्त २, ७२.५ लाख डॉलरला गेलं.

वॅग्नरचं एक कार्ड तुम्ही चालत जाल तिथे आहे. फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या मेट म्युझियममध्ये. आपण तिथे इजिप्तची ममी बघतो, पायऱ्यांवर फोटो काढतो आणि निघतो. पण याच इमारतीत जेफरसन बर्डिक यांचा संग्रह आहे: तीन लाखांवर छापील चिठोऱ्या, त्यात तीस हजारांहून जास्त बेसबॉल कार्डं. बर्डिक सिरॅक्यूजचे, कारखान्यात नोकरी करणारे, संधिवाताने हात वाकडे झालेले. 'टी२०६' हे नाव त्यांनीच दिलं, त्यांच्या सूचीतलं. १९४७ पासून ते आपला संग्रह म्युझियमला देत गेले, पुढे तिथेच बसून कार्डं अल्बममध्ये चिकटवत राहिले. हो, गोंदाने! जानेवारी १९६३ मध्ये काम संपवलं आणि दोन महिन्यांनी गेले. मागे गोंद लागलेलं कार्ड त्या हॉटेलातल्या टेबलावर ठेवलं, तर नंबर खालूनच मोजायला लागतील. इथे त्यांना नंबर नाही. कुठला संच, कुठलं वर्ष, कोणी दिलं, एवढंच लिहिलेलं.

मला विचाराल तर दोन्ही बघा, पण शो आधी. तिथे दोन तास कोपरे न्याहाळून आलात की म्युझियमच्या काचेआडचं कार्ड बघताना कळतं, नजर किती बिघडली आहे ते. मी पाच मिनिटं सेंटरिंगच बघत होते.

मेटला जायला सबवेची ४, ५ किंवा ६ नंबरची गाडी घेऊन ८६ व्या स्ट्रीटला उतरा. बुधवारी म्युझियम बंद असतं. बाहेरून आलेल्या मोठ्यांना तिकीट ३० डॉलर, शुक्रवार-शनिवारी रात्री नऊपर्यंत उघडं. बर्डिक संग्रहातली थोडीच कार्डं एका वेळी मांडतात आणि ती बदलत राहतात, त्यामुळे वॅग्नर दिसेलच असं नाही. अल्बमच बघायचे असतील तर प्रिंट्स विभागाच्या स्टडी रूमची वेळ आधी मागून घ्या. कार्ड शोला मात्र सकाळी दार उघडतानाच पोचा. आणि चारिझार्डबद्दल विचाराल तर तो सध्या साध्या प्लास्टिकच्या पाकिटात आहे, शाळेच्या दप्तरात.