गौडा : तराजूचे नगर

व्यापारानिमित्त अँटवर्पला जाणाऱ्या कुटुंबांना शेजारचे नेदरलँड्स परके नाही. ट्युलिपच्या बागा आणि ॲमस्टरडॅमचे कालवे पाहून बहुतेक जण परततात. रॉटरडॅमपासून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत येणारे गौडा मात्र चीजच्या वेष्टनावरील नाव म्हणूनच ठाऊक असते. स्थानिक लोक त्याचा उच्चार ‘खाउदा’ असा करतात. सुमारे ७५ हजार वस्तीचे हे नगर व्यापारी दृष्टीच्या प्रवाशाने एकदा तरी सावकाश पाहावे असे आहे.

नगराच्या मध्यभागी विस्तीर्ण बाजारचौक आहे. १४३८ च्या भीषण आगीत नगर जळाले, आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांत या चौकात दगडी नगरगृह उभे राहिले. आजूबाजूच्या घरांना न खेटता ते एकटेच उभे आहे. त्याच्या भिंतीवर ठरावीक वेळी घंटा निनादतात आणि चिमुकल्या बाहुल्या एक प्रसंग सादर करतात. १२७२ साली काउंट फ्लोरिस पाचवा याने गौडाला नगराधिकारांची सनद दिली, तोच हा प्रसंग.

नगरगृहाच्या मागे १६६८ साली बांधलेले वजनगृह आहे. पीटर पोस्ट या वास्तुकाराची ही रचना. दर्शनी भिंतीवर चीज तोलण्याचे शिल्प कोरलेले आहे. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी आपले चीज येथे आणीत. सौदा हातावर टाळी देऊन ठरे. वजन मात्र येथेच होई आणि त्यावर कर आकारला जाई. तराजू विकणाऱ्याचा नव्हता, घेणाऱ्याचाही नव्हता. तो नगराचा होता. या विश्वासावर बाजार वाढला, आणि खेड्यांत बनलेल्या मालाला बाजाराचे नाव मिळाले. उन्हाळ्यात गुरुवारी सकाळी हा जुना बाजार आजही प्रवाशांसाठी भरतो. पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट वापरले जाते. जैन प्रवाशाने याची चौकशी केल्यावाचून ते घेऊ नये.

बाजाराने नगर वाढवले, पण ज्या भूमीवर ते उभे आहे ती भूमी मात्र खचते आहे. गौडाखाली वनस्पती कुजून झालेल्या, पाण्याने भिजलेल्या पीट मातीचे जाड थर आहेत. वरच्या भाराने ते दबतात. पाणी काढून कोरडे केले तर हवेने कुजून आणखी बसतात. रस्ता खचला म्हणून त्यावर भर घालावी, तर नवा भार त्याला पुन्हा खाली नेतो. भूमी खचत जाते तसतसे कालव्यांचे पाणी घरांच्या उंबरठ्याजवळ येते. तळघरे ओलावतात, भिंतींना बुरशी धरते.

मग कालव्यांची पातळी उतरवावी, असे सहज सुचते. खरी अडचण तेथेच आहे. उथळ पायावरच्या घरांना पाणी उतरले तर दिलासा मिळतो. त्यांच्या शेजारची काही घरे मात्र लाकडी खांबांवर उभी आहेत. ते खांब पाण्याखाली असतात तोवर शतकानुशतके टिकतात. त्यांना हवा लागली की कुजू लागतात. पायाच्या दुरुस्तीचा मोठा खर्च घरमालकालाच सोसावा लागतो. एकाचे सुख ते शेजाऱ्याचे संकट, अशी ही गाठ आहे.

ती सोडवण्याचे काम दोन संस्थांकडे आहे. एक नगरपालिका आणि दुसरी राइनलँड हे जलमंडळ. जलमंडळाच्या निवडणुका वेगळ्या आणि करही वेगळे. नगरपालिकेच्या सभेत ३५ सदस्य असतात. ते दर चार वर्षांनी निवडले जातात. महापौराची नियुक्ती सभेच्या शिफारशीवरून राजाज्ञेने सहा वर्षांसाठी होते. तो सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो, पण तेथे त्याला मत नसते. रोजचा कारभार महापौर आणि सभेने निवडलेले कार्यकारी सदस्य पाहतात. दप्तर आता रेल्वेस्थानकाजवळील नव्या इमारतीत आहे. जुन्या नगरगृहात विवाह आणि समारंभ होतात.

पालिका आणि जलमंडळ यांनी मिळून जुन्या नगरभागासाठी आराखडा आखला. भूमीची आणि पायांची तपासणी करावी, रहिवाशांशी बोलावे, आणि जेथे पातळी उतरवायची तेथे ती एकदम न उतरवता थोडीथोडी उतरवत परिणाम मोजत जावे, अशी त्याची दिशा आहे. यात सर्वांचे पूर्ण समाधान होणे शक्य नाही. तरीही कोणाच्या दारात किती पाणी ठेवायचे, हे जाहीर चर्चेने ठरते.

या चर्चेत परदेशी नागरिकांनाही वाटा आहे. नेदरलँड्समध्ये सलग पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य केलेल्या प्रौढ परदेशी रहिवाशाला, तो तेथील नागरिक नसला तरी, नगरपालिकेच्या निवडणुकीत मतदान करता येते. तेथे स्थिरावलेल्या भारतीय कुटुंबांनाही हा अधिकार आहे. चीज तोलणारा नगराचा तराजू आता संग्रहालयात विसावला आहे. कालव्याकाठच्या शेजाऱ्यांचे हिताहित तोलण्याचे काम मात्र सभेत चालूच आहे, आणि तेथे त्यांचेही मत मोजले जाते.